तंबू, पाल आणि पडदा

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यास येडेश्वरीची यात्रा भरते. देवीची पालखी आमराईकडे निघते, हजारो भाविक वाटेवर चुन्याचे खडे वेचतात, आणि वैशाखाच्या उंबरठ्यावरचे ते ऊन कोणाला जाणवतही नाही. सोनारीच्या काळभैरवनाथाची यात्रा याच महिन्यातली. तुळजापूरचे नवरात्र आश्विनातले, आणि खुद्द आपल्या गावचा ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा उरूस निराळा. या जिल्ह्यात 'महोत्सव' हा शब्द अलीकडचा. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखला तो शब्द जत्रा. साठी उलटलेल्या श्रोत्यांना आपल्या भागातील जत्रांची आणखी एक खूण सहज आठवेल. नारळ-कुंकवाची, भांड्यांची, रेवड्यांची दुकाने संपली की मोकळ्या पटांगणात सिनेमाचा तंबू उभा असावयाचा. कर्ण्यातून खेळाची नावे पुकारली जात आणि पुकारणाऱ्याचा घसा देवळाच्या नौबतीशी स्पर्धा करी.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. परीक्षा संपलेल्या, शेते रिकामी, रात्री मोकळ्या हवेत बसण्याजोग्या. व्याख्यानाचा हंगाम तोच तंबूचाही हंगाम. तंबूतील गर्दीचा मत्सर न करणारा वक्ता मला तरी माहीत नाही. म्हणून आज त्या तंबूविषयीच बोलावे असे मनात आले. पण नुसत्या आठवणी काढून मन रमवावयाचे नाही. ज्याला आपण स्वदेशी चित्रपट म्हणतो तो नेमका कोणाचा, हा प्रश्न मला विचारावयाचा आहे. अलीकडे देशोदेशी मूळच्या रहिवाशांच्या, आदिवासींच्या चित्रपटांचे महोत्सव भरतात, त्यांत कालपरवा कॅमेरा हाती धरलेल्या मुलामुलींची कामे दाखवितात. तो विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. सीना नदी ओलांडली की करमाळे, बालाघाटाचा घाट उतरला की बार्शी; या हाकेच्या अंतरावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे घडले ते त्याच इतिहासाचे एक प्रकरण आहे.

पहिला स्वदेशी कोणता हे सर्वांना ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही कथा शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचली आहे. तिच्यात भर घालण्याजोगे एवढेच, की त्या वेळी फाळके चाळिशीत होते, छापखान्याचा धंदा सोडून बसले होते आणि घरात पैसा नव्हता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याची वाढ त्यांनी रोज थोडी थोडी टिपली आणि तो इवलासा चित्रपट दाखवून भांडवलदाराचे मन वळविले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते विलायतेस गेले, हेपवर्थ यांच्या कारखान्यात काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन एप्रिलात परत आले. सरस्वतीबाईंचे दागिने या धंद्यात गेले. अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम त्या माउलीने केले आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी ३,७०० फूट, रिळे चार. तारामती झाले होते अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारे एक गृहस्थ. कारण बायका मिळाल्या नाहीत.

फाळक्यांनी पुढे लेख लिहून आपल्या चित्रपटांना स्वदेशी का म्हणावयाचे ते सांगितले आहे: भांडवल इथले, मालकी इथली, काम करणारे हात इथले आणि कथाही इथल्या. व्याख्या चोख आहे. १९०५ नंतरच्या त्या काळात याहून अधिक कोणी मागितलेही नसते. कॅमेरा मात्र विलायती होता, हे त्या व्याख्येतून सुटलेले आहे.

ती उणीव भरून काढली कोल्हापुरातील माणसांनी. बाबूराव मेस्त्री, म्हणजे पुढचे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे बंधू आनंदराव ही सुतारकाम, चित्रकाम, नाटकांचे पडदे रंगविणे यांत वाढलेली मंडळी. त्यांनी कॅमेरा उघडून पाहिला, समजून घेतला आणि लेथवर एकेक भाग कातून स्वतःच बनविण्याचा उद्योग आरंभिला. आनंदराव १९१६ त वारले. कॅमेरा पुरा केला बाबूरावांनी, दामले वगैरे सोबत्यांच्या मदतीने. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले तेव्हा महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या फेब्रुवारीत पुण्यात 'सैरंध्री' लागला. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. मला स्वतःला या सर्व इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा घरी बनविलेला कॅमेरा. विद्यापीठाचा उंबरठा न पाहिलेल्या कारागिराने यंत्रावर मिळविलेला तो ताबा आहे. आपल्याकडे कारागिराचे कौतुक करतात, पण त्याला इतिहासाचा कर्ता म्हणावयास जीभ अडखळते.

बाबूरावांनीच १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. देव नाही, राजा नाही, चमत्कार नाही. सावकाराच्या खोट्या कागदाने जमीन गेलेला शेतकरी आणि त्याची शहराच्या गिरणीकडे झालेली पायपीट. त्या शेतकऱ्याचे काम करणारा तरुण म्हणजे शांताराम वणकुद्रे. पौराणिक चित्रांना सरावलेल्या प्रेक्षकाने या चित्राकडे पाठ फिरविली. पुढे १९२९ त 'प्रभात' निघाली, १९३३ त ती पुण्यास गेली. तिच्या 'संत तुकाराम'ने १९३६ पासून मुंबईच्या एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ मुक्काम केला आणि १९३७ त व्हेनिसच्या महोत्सवात परदेशी परीक्षकांची वाहवा मिळविली. हा भाग सुपरिचित आहे, त्यावर रेंगाळत नाही.

या वेळी आपला जिल्हा कोठे होता? निजामाच्या राज्यात. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ त लातुरापर्यंत पोहोचली होती. येडशी, ढोकी ही आमची स्टेशने. सरहद्दीपलीकडे सोलापूर ब्रिटिश अंमलातले, गिरण्यांचे गाव. मराठी चित्रपट मराठी मुलखातल्या मराठवाड्याला परराज्यातून यावयाचा, आणि येथे शाळेची भाषा उर्दू. फाळक्यांनी मूकपटांच्या काळात 'गोरा कुंभार' काढला, त्याचा नायक आमच्या तेरचा. पण तेरच्या कुंभारवाड्याने तो कधी पाहिला असेल असे वाटत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, १९५६ त आपण मुंबई राज्यात आलो, १९६० त महाराष्ट्रात. मग चित्रपट मोकळेपणाने आला, आणि तालुक्याच्या गावाखाली तो आला तंबूतूनच.

तंबूचा संसार लॉरीवर मावे. कनाती, खांब, दोर, मोठा पांढरा पडदा, कर्णे, जनरेटर आणि लॉरीच्या पाठीवरच बसविलेला प्रोजेक्टर. त्या यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये ठिणगी पेटवीत, त्या उजेडाने चित्र पडे. कांड्या जळून आखूड होत तशा त्या हाताने पुढे सराव्या लागत. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटे चाले. यंत्र एकच असेल तर रीळ बदलेपर्यंत अंधार, आणि त्या अंधारात लोक जे जे काही ओरडत ते येथे सांगण्याजोगे नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. मागच्या बाजूला बसणाऱ्याला अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा वाटे. ज्याला अक्षर येत नव्हते त्याला त्यात तोटा कसला? रीळ तुटले की कात्रीने कापून चिकटवावयाचे. दर खेपेस चार-दोन चौकटी कमी होत. असे गावोगाव फिरून आलेले चित्र मूळच्यापेक्षा थोडे आखूडच असे. धंद्याची ही रीत पुढे शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी टिपली; त्यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान येथे दाखविला गेला आणि तेथील माहितीपटांच्या पारितोषिकात त्याचा खास उल्लेख झाला.

आता जत्रेच्या त्याच पटांगणाच्या कडेला नजर टाकू. सिनेमाच्या तंबूच्या पलीकडे, गावाने नेमून दिलेल्या किंवा गावाने अजून हुसकावले नाही अशा जागी, दुसरे तंबू असत. त्यांना तंबू म्हणत नाहीत, पाल म्हणतात. वडार, कैकाडी, पारधी, डोंबारी, गोपाळ, वैदू. कोणी दगड फोडणारे, कोणी टोपल्या-कणग्या विणणारे, कोणी दोरावरून चालणारे. सिनेमा येण्याआधी जत्रेची करमणूक यांच्याच अंगावर होती. यांच्यापैकी अनेक जमातींना इंग्रज सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते: कायदा १८७१ चा, १९११ च्या दुरुस्तीने तो मुंबई इलाख्यातही पसरला. हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी! त्याच १९५२ च्या जानेवारीत मुंबईस भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. आपल्या बाजूने मराठी 'अमर भूपाळी' होता, हिंदी 'आवारा' होता. परदेशांतून आलेल्या चित्रांत इटलीचा सायकल हरवलेल्या मजुराचा चित्रपट होता. तो पाहून बिमल रॉय हलून गेले आणि पुढच्याच वर्षी जमीन जाऊ घातलेल्या शेतकऱ्याची 'दो बिघा जमीन' ही कथा आली. 'सावकारी पाश'ला जे दैव लाभले नव्हते ते तिला अठ्ठावीस वर्षांनी लाभले. महोत्सव काय करू शकतो याचे हे उदाहरण आहे. परंतु त्याच वर्षी सुटलेल्या माणसांची कथा सांगावी असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

कायद्याने सुटले तरी ही माणसे पडद्यावर आली नाहीत. आली तरी चोर म्हणून, नाचणारी म्हणून, नायकाला औषधी मुळी देणारा म्हातारा म्हणून. फाळक्यांच्या व्याख्येने पाहिले तर असे चित्र स्वदेशीच ठरते. भांडवल, मालकी, हात, कथा सारे इथले. या 'इथल्या'त पालातले माणूस धरलेले नव्हते, एवढेच.

पुढे सहानुभूतीचे दिवस आले, आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा विचार नाही. १९७७ साली डॉ. जब्बार पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत' काढला, ठाकरांच्या वाडीचा. १९८० त गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यातील लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ पूर्ण चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. ओम पुरींनी ते मौन असे धरले की आजही अंगावर काटा येतो. त्या चित्राला भारताच्या महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. मौनाचा अर्थ मला कळतो, तो खराही आहे. तरी मनात येते: बोलावयाचे नाही हे ठरविले कोणी? ते आदिवासीने ठरविले नव्हते.

मराठीत बोलावयास सुरुवात झाली ती आधी कागदावर. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, शेजारच्या लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे. कैकाड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाचे, चोरीचा शिक्का घेऊन जन्मलेल्या पोराचे बोल साहित्य अकादमीपर्यंत गेले. मग पडद्यावर तेच बोल उमटावयास आणखी वीस-पंचवीस वर्षे का लागली? माझ्या मते कारण प्रतिभेचे नाही, हिशेबाचे आहे. आत्मकथा लिहावयास वही आणि कंदील पुरतो. अकरा मिनिटांच्या चित्रासाठी हजार फूट कोरी फिल्म, ती धुण्याचा खर्च, भाड्याचा कॅमेरा, आणि चुकले तर पुन्हा हजार फूट. 'प्रभात'च्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाची शिक्षणसंस्था काढली, तिने थोर माणसे घडविली. पण पालातून पुण्यापर्यंतची वाट मोकळी कोठे होती? ही स्थिती बदलली ती फिल्मच नाहीशी झाली तेव्हा. चित्र आकड्यांत साठविणारे कॅमेरे आले, पुन्हा पुसून पुन्हा टिपता येऊ लागले. चुकण्याचा खर्च उतरला. नवशिक्याला याहून मोठी देणगी नाही.

करमाळे तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे हे वडार समाजात जन्मलेले, आधी कवी. मराठीत एम. ए. झाल्यावर ते अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकावयास गेले आणि तेथे विद्यार्थी असतानाच २००९ त त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, शाळेत जाऊ पाहणाऱ्या पोराचा. त्याला पदार्पणाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मग 'फँड्री'. हा शब्द कैकाडी बोलीतला, अर्थ डुक्कर. मराठी चित्रपटाला ज्या बोलीची आजवर आठवण झाली नव्हती तिचा शब्द चित्रपटाचे नाव म्हणून भिंतीवर लागला, ही गोष्ट मी लहान समजत नाही. गावातली डुकरे धरण्याचे काम करणाऱ्या घरातला जब्या. त्याचे काम करणारा मुलगा करमाळे तालुक्यातलाच, हलगी वाजविणारा सोमनाथ अवघडे. त्यातील एक प्रसंग आठवावा. डुक्कर अगदी हाताशी आलेले असते, तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. बाप, आई, मुले जागच्या जागी ताठ उभी राहतात. सूर संपेपर्यंत डुक्कर निसटते. कुटुंब मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीवरून जाते तेव्हा भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई आणि गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कोणी काही बोलत नाही. आणि अखेरीस जब्या दगड उचलतो व तो थेट पाहणाऱ्याच्या अंगावर भिरकावतो. 'आक्रोश'मधले मौन येथे संपले असे मला वाटते.

'फँड्री' आधी महोत्सवांतून फिरला. २०१३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या महोत्सवात तो दाखविला गेला, परीक्षकांनी गौरविला, आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रगृहांत लागला. दिग्दर्शकाला पदार्पणाचे इंदिरा गांधी पारितोषिक आणि सोमनाथला बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ओळखीचा नट नाही, नाव कळत नाही, अशा चित्राला चित्रगृहवाला उभा करीत नाही. महोत्सवाची मोहोर असली तर निदान दार उघडून बघतो. महोत्सवांना शहरी हौस म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. महोत्सवात टाळ्या वाजविणारा प्रेक्षक आणि जब्याचा गाववाला हे एक नव्हेत. मंजुळ्यांचा 'सैराट' २०१६ साली आधी बर्लिनला दाखविला गेला आणि मग एप्रिलअखेर गावोगाव लागला, तेव्हा हे दोन प्रेक्षक प्रथमच एका चित्रासाठी आले. तिकिटांचा आकडा शंभर कोटींच्या घरात गेला असे वर्तमानपत्रांनी छापले. मला आकड्यापेक्षा हे महत्त्वाचे वाटते, की त्यातली भाषा, त्यातल्या केळीच्या बागा, त्यातल्या विहिरी परंड्याच्या माणसाला परक्या नव्हत्या, आणि त्यातला शेवटही परका नव्हता.

त्याच नगरच्या महाविद्यालयातून भाऊराव कऱ्हाडे निघाले. गावोगाव मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाचा त्यांचा 'ख्वाडा'. त्यासाठी त्यांनी घरची जमीन विकली. फाळक्यांच्या गहाण पॉलिसीनंतर शंभर वर्षांनीही नव्या माणसाला भांडवल घरातूनच काढावे लागते, हे पाहून आपल्या प्रगतीविषयी फार बोलवत नाही. चित्राला परीक्षकांचे खास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि दुसरे मिळाले ते जागेवर टिपलेल्या आवाजाला. मेंढरांचा, कुत्र्यांचा, वाऱ्याचा खरा आवाज.

आणि शेवटी बार्शी. धाराशिवहून तासाभराची वाट. आपल्यातले कित्येक औषधपाण्याला, कापडचोपडाला तेथे जातात. विनोद कांबळे हे तेथलेच. त्यांच्या 'कस्तुरी'ला २०१९ सालच्या चित्रपटांसाठी उत्कृष्ट बालचित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. निकाल लागला २०२१ च्या मार्चमध्ये. बापाबरोबर सफाईचे आणि शवविच्छेदनाचे काम करावे लागणारा शाळकरी मुलगा. वर्गातली मुले त्याच्या अंगाच्या वासाने दूर सरतात. कोणीतरी त्याला सांगते की कस्तुरीचा सुगंध कधी जात नाही. मग तो आणि त्याचा दोस्त कस्तुरी शोधावयास निघतात. चित्रीकरण बार्शीतच झाले, मुलेही तिथलीच. सफाईचे काम कोण करतो हे प्रत्येक गावाला माहीत असते. तो मुलगा रात्री काय मनात आणीत असेल याची चौकशी मात्र गावाने केलेली नसते.

या नव्यांना 'मूळनिवासी' चित्रपटाचे म्हणावे की नाही, याविषयी कागदोपत्री वाद घालता येईल. सरकारच्या यादीत फासेपारधी अनुसूचित जमातीत आहे, वडार विमुक्त जातीत, कैकाड्याचे विदर्भात एक आणि बाकी महाराष्ट्रात दुसरे, धनगर आणखी निराळा. यादी करणाऱ्याला त्या रेघा लागतात. पण कोणाच्या जगण्यावर कोणी चित्र काढावयाचे, या प्रश्नापुरते हे सर्व एकाच बाजूला उभे आहेत, आणि फाळक्यांच्या चार अटींत त्यांनी न बोलता पाचवी घातली आहे: नजरही इथली.

मात्र हे घडत असतानाच तंबू मिटत होता. ज्या यंत्रबदलाने कांबळ्यांच्या हाती कॅमेरा दिला त्यानेच रिळे बंद केली. २०१३-१४ च्या सुमारास नव्या चित्रांच्या फिल्मच्या प्रती निघणे जवळपास थांबले; लॉरीवरच्या प्रोजेक्टरला घालावयास खाद्यच उरले नाही. काहींनी कर्ज काढून नवे यंत्र घेतले, काहींनी जुने भंगारात वजनावर विकले. लोखंडाचा भाव आला, भिंगाला काहीच आले नाही.

गेल्या पन्नास वर्षांत जत्रेच्या पटांगणात तंबूतल्या उजेडाकडे पालातून पाहणारी पोरे किती असतील! कनातीखालून आत सरकणारी, पकडली गेली की चोर म्हणून मार खाणारी. तिकीट काढून बसलेल्या आमच्यासारख्यांना पडद्यावर सर्व काही दिसे. कनातीखालचे ते डोके दिसत नसे. आता त्यांच्यातल्या काहींची चित्रे तयार आहेत, आणि धाराशिवात, कळंबात, भूममध्ये ती मोठ्या पडद्यावर दाखवावयाची तर जागा आपल्याला शोधावी लागणार आहे. ज्या पटांगणात आपण हे व्याख्यान ऐकता त्याला पडदा बांधावयाचे दोन खांब पुरतील.